उद्यमनगरात घडवलेली पोकळी

आमच्या कारखान्यात पंपांची आणि उसाच्या चरकांची कामं व्हायची. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं स्टीलची मोठी टाकी करून मागितली, तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की दूध संघासाठी करतो तसलीच असणार. मी ड्रॉइंग उलगडलं.

"आबा, ह्यात काही भरायचं नाही. आतली हवा काढून घ्यायची. उपग्रहाचे भाग वर जायच्या आधी ह्यात ठेवून बघणार."

"म्हंजे रिकामी टाकीच की!"

"वर आहे तितकी रिकामी. तेच अवघड."

किती अवघड, ते मलाही ठाऊक नव्हतं. अवकाशात हवा नसते एवढंच शाळेत शिकले होते. ती नसली की काय होतं, ते तिकडून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं. तेलाची वाफ होऊन ती कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. तापलेलं यंत्र वाऱ्यानं निवत नाही, कारण वाराच नाही. बोटाचा ठसासुद्धा वायू सोडत राहतो. त्यामुळे टाकीच्या आत उघडा हात लावायला बंदी. लोखंडात हयात काढलेल्या आबांनी निमूटपणे पांढरे हातमोजे चढवले, तेव्हा सगळा कारखाना काम थांबवून बघत राहिला.

पहिल्या चाचणीत पंप सुरू केला. आतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा झरझर उतरला आणि मध्येच अडकला. प्रत्येक वेल्डिंगवर बाहेरून हेलियम वायू सोडून तो आत शिरतो का ते पाहिलं. गळती कुठंच नाही. बाहेरून हवा येत नव्हती, तरी आत हवा होती. बाईंचा चेहरा उतरला. पंप बदलून पाहिला, तरी तेच.

दुपारी डबा तसाच ठेवून मी पुन्हा ड्रॉइंग घेऊन बसले. आतली चौकट बसवायला भिंतीत बोल्ट होते, आणि त्यांची भोकं आरपार नव्हती. बोल्ट आवळताना त्याच्या बुडाशी थोडी हवा कोंडली जात होती आणि आट्यांमधून हळूहळू झिरपत होती.

"आबा, बोल्टाखाली हवा अडकलीय."

"एवढीशी?"

"अवकाशाच्या मानानं लई झाली."

प्रत्येक बोल्टाला मधोमध उभं, आरपार बारीक भोक पाडायचं ठरलं, म्हणजे बुडाची हवा पंपाला लगेच ओढून घेता येईल. ड्रिलवर आबा स्वतः उभे राहिले, कुणाला हात लावू दिला नाही. धुऊन, वाळवून बोल्ट पुन्हा बसवले. या वेळी काटा हव्या त्या खुणेच्या खाली गेला आणि तिथंच राहिला. बाईंनी माझा हात धरला. "अहो, हे आता खरंच अवकाश झालं!"

आबांनी टाकीला आत बघायला ठेवलेल्या झरोक्याच्या काचेला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काय सुदीक न्हाय," ते म्हणाले, आणि खुलून हसले.

ट्रक भरायच्या दिवशी ड्रायव्हरनं ताडपत्री ओढता ओढता विचारलं, "मालक, आत काय हाय?"

"काय न्हाय, पावणं. पर असलं 'काय न्हाय' करायला लई अक्कल लागती. माझ्या पोरीनं केलंय."

मी पलीकडच्या बाजूला दोरी बांधत होते. ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि गाठ जरा जास्तच जोरात आवळली.