वळच्या शिवल्या आणि विहीणबाईंचं पाणी

आमी वळ गावच्या चार बाया गोडाऊनांच्या मागं खाडीत शिवल्या, म्हणजे तिसऱ्या शिंपल्या, काढतो. हात चिखलात, तोंड मोकळं. त्यामुळं टोपलीत शिवल्या कमी नि किस्से जास्त जमतात. यंदाचे सगळे एकाच भांडणाचे हायेत.

*

माझी नात परी तीन वर्षांची, पण दिसते दोनची. तिची दुसरी आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, खाडीच्या तोंडाशी राहतात. त्या बोलल्या, "पोरीला वर्षभर आमच्याकडं ठेवा. आमच्या पाण्यावर वाढंल."

मी बोलली, "पाण्याचं काय न्हाय. आमचं रक्तच बारीक हाय. तुमचा जावई बघा ना. तुमी बघायला आलात तेव्हा उंची कळू नये म्हणून तो बसूनच होता."

*

त्याच टायमाला कॉलेजच्या मॅडम आल्या. शिवली वाढते ती आईबापामुळं की पाण्यामुळं, ते त्यांना बघायचं होतं. आमच्या शिवल्यांना हिरवं नेलपॉलिश लावलं, विहीणबाईंकडच्यांना लाल. दोन्ही रंगांच्या अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं, जाळीच्या टोपल्यांत.

मॅडम बोलल्या, "आजी, आईबापाकडून जे येतं त्याला जनुक म्हणतात."

"आमच्याकडं त्याला सासऱ्याचं नाक म्हणतात," मी बोलली.

विहीणबाईंनी लगेच पैज लावली. "तुमच्या हिरव्या आमच्याकडं वाढल्या, तर परी आमच्याकडं." मीपण भरात हो बोलली. घरी आल्यावर कळलं, काय बोलून बसली.

*

महिन्यानं मॅडम माप घ्यायला आल्या. मी टेमघरच्या बाजारातली एक दांडगी शिवली हिरवी रंगवून आमच्या टोपलीत टाकलेली, म्हणजे आमच्या पाण्यातपण वाढतात असं दिसंल. मॅडमनी तिला दोनदा मापलं. लगेच फोन. "सर, एका महिन्यात दुप्पट!"

सर गाडी काढून निघाले, तेव्हा मला कबूल करावं लागलं. तरी ते आले. चहा पिऊन बोलले, "आजी, तुम्ही आमच्या कॉलेजात कधी येऊ नका."

*

एकदा मी विहीणबाईंकडं गेली. त्या टोपलीवर वाकून पुटपुटत होत्या, "खा गं बायांनो, खा." मग चहा ठेवायला आत गेल्या.

मी वाकली. "हिरव्यांनो, माहेरची लाज राखा. वाढू नका."

*

वर्षानं निकाल लागला. आमच्या हिरव्या तिकडं मस्त फुगलेल्या. तिकडच्या लालइतक्या न्हाय, म्हणजे थोडं रक्तपण हाय, पण पाण्याचा जोर जास्त. त्यांच्या लाल मात्र आमच्या गढूळ पाण्यात बारक्याच राहिल्या.

विहीणबाई परीचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

वजन कमी करा म्हणून डॉक्टर विहीणबाईंच्या दोन वर्षं मागं लागलाय. मी बोलली, "विहीणबाई, तुमच्या लाल आमच्या पाण्यात बारीक राहिल्या ना? मग पोरीला कशाला हलवता? तुमीच या."

पिशवी हातातच राहिली. त्यांनी मॅडमकडं बघितलं. "खरंच?"

मॅडम बोलल्या, "मी फक्त शिवल्यांचं सांगू शकते."

पुढच्याच आठवड्यात विहीणबाई वजनकाटा घेऊन आमच्याकडं राहायला आल्या. चार महिने झाले. परी तेवढीच हाय. विहीणबाईपण तेवढ्याच. सैपाक आता त्याच करतात, नि मला आग्रहानं वाढतात.

परवा माझं झंपर काखेत उसवलं.