पाणीमंत्र्यांचा राजीनामा

मुरबाड-टोकावडे मुक्कामी गाडीची कंडक्टर हिरी शेवटच्या थांब्यावर एक प्रश्न विचारते. गाडी थांबली की दारात उभी राहून म्हणते, "आजचं माझं काम झालं. सोडता ना मला?"

"सोडली!" अख्खी गाडी ओरडते. मगच ती बाजूला होते.

नवा प्रवासी शेजाऱ्याला विचारतो, "बाईंचं काय हे?"

"बापाची सवय हाय," शेजारी सांगतो. "उतरा आता."

हिरीचा बाप म्हणजे धाऊ, डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातला. त्या पाड्याची रीत साधी होती. चार माणसांत अंगावर घेतलेलं काम चार माणसांतच खाली ठेवायचं. नवसूनं एकदा डुकरांपासून भात राखायचं काम घेतलं आणि मध्येच तो तापानं फणफणला. तरी दोघांच्या खांद्यावर हात टाकून पाड्याच्या मधोमध आला, म्हणाला, "मला सोडा." सगळे "सोडलं" म्हणाले, तेव्हा कुठं तो घरी जाऊन आडवा झाला.

हिरी आठवीत होती, ते शहाण्णव साल. शाळेत विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ असायचं. जुलैत चिठ्ठ्या टाकून निवडणूक, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं शपथ. हिरी पाणीमंत्री झाली. काम काय, तर सकाळी दोन पिंपं घासून भरायची आणि कुणी हात बुडवून पाणी घेत नाही ना, ते बघायचं. पाणी ओगराळ्यानंच घ्यायचं! पहिल्याच आठवड्यात तिनं मुख्याध्यापकांना अडवलं. "सर, पेला बुडवू नका." सर पेला घेऊन मागं सरले ते सरलेच.

शपथेच्या दिवशी धाऊ कुंपणापाशी उभा होता. पोरीचं वाक्य त्यानं नीट ऐकलं होतं, "वार्षिक परीक्षेपर्यंत मी हे काम सोडणार नाही."

दिवाळी झाली. भात घरात आलं आणि पाड्यातली बिऱ्हाडं वीटभट्टीवर निघाली. धाऊचंही निघालं. आईबाप विटा पाडणार, मग तीन वर्षांच्या राहीला सांभाळायला हिरी हवीच. पोर एकदा दिवाळीनंतर भट्टीवर गेली की तिचं दप्तर कायमचं खुंटीला लागायचं. हिरीला ते माहीत होतं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बा, मग मला शाळंतनं सोडवून आण. मी चार माणसांत घेतलंय काम."

हे भोळेपणानं की हुशारीनं? आजही विचारलं तर ती तिकिटाचं मशीन पुसत बसते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच धाऊ नारळ घेऊन मैदानात आला. बरोबर त्याची विधवा बहीण बाईजा.

"सर, आमच्या मंत्रीणबाईला सोडा."

सरांनी हिरीकडं बघितलं. मग चष्मा काढून सावकाश पुसला. "ते माझ्या हातात नाही हो. मुख्यमंत्र्यांना विचारा."

मुख्यमंत्री म्हणजे दहावीतली वैष्णवी. दोन वेण्या आणि वकिलाची जीभ. जांभळाखाली मंत्रिमंडळ बसलं, समोर धाऊ उकिडवा.

"काका, कारण सांगा."

"भट्टीवर जायाचंय."

"मंत्र्यांना?"

"मंत्र्यांच्या बापाला. मंत्र्यांनी धाकटीला सांभाळायचं."

शिस्तमंत्री ओमकार चिडला. "मग पिंपं कोण भरील?"

"तू भर की. हात मोडलं काय तुझं?"

"मी शिस्तमंत्री हाय!"

"मग शिस्तीत भर."

सगळे हसले. हिरी नाही हसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती जमिनीकडं बघत होती.

वैष्णवीनं टाळी वाजवली. "पाणीमंत्र्यांना सोडायचं असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"असं नाय करायचं गो पोरी," धाऊ म्हणाला. "नारळ आणलाय मी."

"नारळ ठेवा, काका. हिरी पण ठेवा."

धाऊनं बिडी काढली, सरांना बघून परत खिशात घातली. पोरगी त्याची होती. मनगट धरून नेली असती तर कुणी अडवणार नव्हतं. पण चार जणांनी "सोडलं" म्हटलं नाही आणि माणूस तरीही चालता झाला, असं त्याच्या बापजाद्यांत घडलं नव्हतं. पाड्यातल्या चार माणसांच्या जागी इथं मुलं बसली होती, आणि तो त्यांच्यापुढं उकिडवा.

"मग ऱ्हाईल कुठं ती?"

"माझ्याकडं," बाईजा म्हणाली. "मी म्हशीपायी भट्टीवर जात नाय. दोघीच बोलून बोलून कंटाळलोय आमी, मी न् म्हैस."

"आन राही? तू रानात गेलीस, ही शाळंत आली, तर राहीला कोण बघंल?"

हिरीनं पहिल्यांदा मान वर केली. वैष्णवीनं वेणीचं टोक चावलं आणि म्हणाली, "राही येईल शाळेत. मंत्र्यांना पीए लागतोच."

सरांना खोकल्याची उबळ आली.

"पीएला पगार काय?" धाऊनं विचारलं.

"खोबरं."

तिथंच दगडावर नारळ फुटला.

घरी पोरींच्या आईनं विचारलं, "पोरी कुठं?"

"सोडल्या नाय," धाऊ म्हणाला. मग तिनं बांधलेलं बोचकं उकललं आणि पोरींची गोधडी बाहेर काढून ठेवली.

तो सगळा हिवाळा राही पिंपांशेजारी गोणपाटावर बसून होती. कुणी हात बुडवला की अशी किंचाळायची, की दहावीचा वर्गसुद्धा दचकायचा. शिमग्याला आईबाप परतले. वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी हिरी सगळ्या शाळेपुढं उभी राहिली. "काम झालं. मला सोडा."

"सोडली!" सगळ्यात मोठा आवाज कुंपणापासून आला.

पुढच्या जुलैत तिनं परत चिठ्ठी टाकली, आणि त्याच्या पुढच्याही. दहावी झाली, एसटीत लागली, टोकावड्याला संसार थाटला. राही आता शहापूरला कॉलेजात शिकवते, अजूनही तशीच किंचाळते म्हणतात.

परवा धाऊ लेकीकडं निघाला होता, मागच्या सीटवर बसून. टोकावडं आलं. हिरी दारात उभी राहिली.

"सोडता ना मला?"

"सोडली!" गाडी ओरडली. धाऊ एकटा गप्प.

"बा, तू?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

हिरीनं त्याच्या दाबलेल्या हातांकडं बघितलं. "म्हणजे तवा बघितलं व्हतंस तू?"

"अगो, म्हणून तर नारळ फोडला," धाऊ म्हणाला. "चल आता, उतर. भूक लागलीय."