मामांसमोर चेंडू टाकताना

आमच्या कॉलेजात बेसबॉलची टीम आहे असं सांगितलं की गंगापूर रोडवरचे लोक हमखास विचारायचे, "म्हणजे क्रिकेटच ना?" माझं डोकं लगेच तापायचं. मामा मात्र शांतपणे म्हणायचे, "त्याचाच चुलतभाऊ समजा."

मामा म्हणजे केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतले शिपाई, मूळचे घोटीकडचे. टीमशी त्यांचा कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. पण चार वाजता प्रयोगशाळेला कुलूप लागलं की पँट दुमडून ते मैदानावर हजर. खडे वेचायचे, पाणी मारायचे, उसवलेले चेंडू बोटांनी चाचपत शिवायचे. मुख्य म्हणजे पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, सरावाला ग्लोव्ह घालून समोर उकिडवे बसायचे. चेंडू झेलणारा आमचा कॅचर बॅटिंगच्या सरावात अडकलेला असे, त्यामुळे टीमचा पिचर म्हणून माझ्या वाट्याला मामाच. माझ्या आधीच्या कितीतरी पिचरांनीही त्यांच्याच ग्लोव्हवर हात बसवला होता.

मास्क टीमकडे एकच, तो कॅचरच्या तोंडावर. मामा उघड्या चेहऱ्याने बसत. कुणी काळजीने बोललंच तर म्हणत, "माझं थोबाड काय आता पोरीकडच्यांना दाखवायचंय का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझं शेवटचं वर्ष होतं. दिवाळीनंतर माझ्या चेंडूला चांगलाच वेग आला. एका संध्याकाळी बोटं घसरली. चेंडू मामांच्या कानाला चाटून मागच्या भिंतीवर धाडकन आदळला. मामा हलले नाहीत. पापणीही लवली नाही. ग्लोव्ह होता तिथेच होता. भिंतीचा आवाज आल्यावर म्हणाले, "जरा बाहेर गेला. पण जोर लय हाय."

एवढ्या जवळून काही गेलं तर गोठ्यातली म्हैसही मान फिरवते.

मग मी लक्ष ठेवू लागलो. चहा ओतताना ते पेल्याच्या काठाला आधी बोट लावायचे. मैदानातून परतताना थट्टा करत कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकायचे आणि तो हात गेटपर्यंत काढायचे नाहीत. आणि ग्लोव्ह? तो छातीपुढे एका जागी धरून ते नुसते वाट बघायचे. चेंडू आपसूक त्यात यायचा, कारण मी तो तिथेच टाकत होतो. माझा चेंडू ठरल्या जागी जातो म्हणून जिमखान्याचे सर सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे. आता मात्र प्रत्येक चेंडू मी दुसऱ्याचा जीव मुठीत धरून टाकत होतो.

शेवटी एकदा विचारलंच, "मामा, तुम्हाला चेंडू दिसतो का?"

"दिसतो की. तू पांढरा दिसतो, आभाळ पांढरं दिसतं, त्यातच कुठंतरी चेंडूबी असंल." आणि हसले. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत.

"मग ऑपरेशन करा ना."

"करीन. पण मंग डाक्टर म्हणणार, चेंडूपुढं बसायचं नाय. सरबी बसू देणार नाय. चार वाजले की मी जाऊ कुठं? सरांना सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सांगितलं तर मामांचं मैदान जाणार, नाही सांगितलं तर कधीतरी तोंड फुटणार. मला त्यांचा भयंकर राग आला. म्हणालो, "मी तुमच्यासमोर चेंडू टाकणार नाही."

"नको टाकू," ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा गेलो. लांबूनच दिसलं, मामा नेहमीच्या जागी बसलेत आणि समोर पहिल्या वर्षाचा एक दांडगा पोरगा. त्याच्या हातात माझ्या दुप्पट जोर होता आणि चेंडू चारी दिशांना जायचे. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी धावत सुटलो. त्याने हात मागे नेला, तेवढ्यात मी पोचून त्याचं मनगट धरलं, चेंडू काढून घेतला.

"काय झालं? टाक ना," मामा म्हणाले.

"मी आहे, मामा."

"आलास?" ते म्हणाले आणि ग्लोव्ह छातीपुढे नीट धरून बसले.

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. अंगात ताप असताना गेलो, परीक्षेच्या आदल्या दिवशी गेलो. मी नसलो की तिथे कोण उभा राहणार, हे मला ठाऊक होतं. आईला वाटायचं, कॉलेजात कुणी पोरगी असणार.

वर्ष संपता संपता राहवेना, सरांना सांगून टाकलं. सर मोठ्याने हसले. "अरे, इतकी वर्षं बसतोय तो तिथं. त्याला डोळे लागतात होय?" मग त्यांनी पुढच्या वर्षीचा पिचर ठरल्याचं सांगितलं. तोच दांडगा पोरगा.

निकालाच्या दिवशी बोर्डावर माझा नंबर सापडला. मित्रांनी पाठ थोपटली, कुणीतरी पेढे आणायला पळालं. मी तो नंबर पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि मनात एवढंच येत होतं, की नापास झालो असतो तर अजून एक वर्ष मामांसमोर मीच उभा राहिलो असतो.