मागे बघणारा

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मीच. प्रवासी बसगाड्यांच्या मोटार कंपनीत ड्रायव्हरांच्या परीक्षेला घड्याळ माझ्या हाती असे. पत्र्याच्या रिकाम्या डब्यांच्या दोन रांगांमधून गाडी वेळेत मागे घेतली, की नोकरी पक्की.

एकदा परीक्षेला आलेला एक जण उमरेडचा. घरचा हातमाग बंद पडलेला. स्टिअरिंगला हात जोडून त्यानं गाडी मागे घेतली, मध्येच थांबवली आणि खाली उतरून मागच्या चाकाशी वाकून पाहिलं. काटा पळत होता.

"चढ ना गा लवकर!" मीच ओरडलो.

तरी वेळ टळलीच.

"उतरला काहून?" परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"मांगं लेकरू असलं तं, साहेब?"

"उतरायले मार्क नाहीत."

दुपट्टा झटकून तो निघून गेला.

पास झालेल्यांच्या गाडीनं मी रोज जातो. गाडी मागे सरकू लागली, की खिडकीतून मीच वाकून बघतो.