हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

“सुई टोचलीस तर तुझ्या घरात हत्ती सोडीन!” माझा पुतण्या मुलांच्या वॉर्डात असा काही गरजला, की छताचा पंखा घाबरून उलटा फिरू लागला. शेजारच्या खाटेवर पोटाला भाजलेली एक चिमुरडी मात्र गप्प होती. सिस्टरांनी तिच्यापुढे चेहऱ्यांचा तक्ता धरला. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका.

“किती दुखतंय, बाळा? बोट ठेव बरं.”

उशाशी आई ओढूनताणून हसत बसली होती. तिच्याकडे पाहत पोरीने हसऱ्यावर बोट ठेवलं. कपाळ घामाने डबडबलेलं.

“ताई, जरा पाणी भरून आणा,” म्हणत सिस्टरांनी आईला बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं. बोट थेट रडक्यावर गेलं.

“आईला सांगू नका. ती रडते.”

मी जन्मभर थापा मारल्या. विहिरीतून मगर ओढून काढल्याचं तर गावभर सांगितलं. पण एकाही थापेसाठी मला काही सोसावं लागलं नाही. आपल्या माणसाशी खोटं बोलायला माणूस इतक्या लवकर शिकतं?

आई परतली. सिस्टर इंजेक्शन भरत म्हणाल्या, “फार दुखतंय तिला. तुमच्यासमोर सांगत नाही.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.