भगवानच्या बाटलीचे वाटे

सगुणाला मी घाबरायचे, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरही घाबरायचे, पण ते कबूल करायचे नाहीत.

वाशीत आमचा डोळ्यांचा दवाखाना होता. मी केसपेपर लिहायचे आणि करावे गावची सगुणा पेशंटच्या डोळ्यांत औषध घालायची. बाटलीचं टोक पापणीला लागलं की बाटली गेली कचऱ्यात. फोडलेल्या प्रत्येक बाटलीवर ती तारीख लिहायची आणि महिना भरला की औषध उरलेलं असलं तरी फेकून द्यायची. मलमाची ट्यूब नवराबायकोनंसुद्धा एकमेकांची वापरायची नाही. पदर, रुमाल, बाही डोळ्याला लावलेली तिला खपत नसे. एका बँकेच्या साहेबांनी टायने डोळे पुसले, तेव्हा तिने त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं. साहेब निमूट उभे राहिले.

तिच्या या कडकपणाला कारण होतं. तिची सासू वेणूबाई हिचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहुली मोठी करणारे थेंब या डोळ्यात चुकूनसुद्धा जाता कामा नयेत. गेले तर डोळ्यातला दाब वाढेल आणि उरलेला डोळाही जाईल. सगुणाचा नवरा वारल्यापासून घरात या दोघीच होत्या.

चौऱ्याऐंशी साली डोळ्यांची साथ आली. अर्धं करावे लाल डोळ्यांनी फिरत होतं. वेणूबाईचा पुतण्या भगवान याचाही डोळा लाल झाला, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. सूज डोळ्याच्या आत होती. डॉक्टरांनी त्याला नेमके ते बाहुली मोठी करणारे थेंब दिले. "हे फक्त तुझं," असं सगुणाने त्याला तीनदा सांगितलं. तीनदा त्याने मान हलवली. चार दिवसांत त्याचा डोळा निवळला.

पाचव्या दिवशी सकाळी करावेचे सात जण कपाळावर आडवा हात धरून दवाखान्यात आले. सातही जणांच्या बाहुल्या बटणाएवढ्या झाल्या होत्या.

"कंचा औषध घातला?" सगुणाने विचारलं.

"भगवानचा. लगेच गुन आला ना त्याला."

"मंग त्याचा तुमी कशाला घातला?"

"तो एकटा कसा घालल?" त्यांच्यातला हिरामण म्हणाला. "वाटे केले."

करावेत खाडीतून जे येईल त्याचे वाटे पडतात. माणसाला एक, होडीला एक, जाळ्याला एक. होडीचा आणि जाळ्याचा वाटा त्यांच्या मालकाने न्यायचा असतो, पण औषध मालकाला कसं द्यायचं, त्याचे डोळे तर चांगले होते. म्हणून होडीचा थेंब होडीच्या टोकावर टाकला होता आणि जाळ्याचा जाळ्यावर.

"होडीला कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हक्क हाय तिचा," हिरामण शांतपणे म्हणाला.

सगुणाचा चेहरा पांढरा पडला होता. "आयला दिला?" सासूला ती आय म्हणायची.

"दिला की. मोठी मानूस हाय, पयला वाटा तिचा."

सगुणा चप्पल न घालताच निघाली. डॉक्टरांनी मला टॉर्च देऊन तिच्यामागे पिटाळलं. आम्ही वाळूच्या ट्रकला हात केला. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "रोज दुनियेला शिकवते, आन् घरात सांगायचा राहिला."

गावात लख्ख ऊन आणि लोक भिंतीला धरून चालले होते. एक बाई लेकाच्या लग्नातला काळा गॉगल लावून भांडी घासत होती. जवळचं दिसेना म्हणून एकजण हात लांब करून कोळंबी न्याहाळत होता आणि शेवटी हुंगून टोपलीत टाकत होता. जाळं विणणाऱ्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तरी कुणाची तक्रार नव्हती. "सगुने, औषध लय जोरदार हाय. उजेडच वाढला," असं भगवानने डोळे मिटूनच सांगितलं. एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती धावत पुढे गेली.

वेणूबाई ओट्यावर बसली होती. सगुणाने तिची हनुवटी धरली आणि चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला. बाहुली मोहरीएवढी होती. जशी असायला हवी तशी.

"आय, तू थेंब घातला नाय?"

"नाय." वेणूबाई उठून आत गेली, आम्ही मागोमाग. चुलीशेजारची पालथी वाटी तिने उचलली. खाली एक शिंपली होती, तिच्यात तळाशी जेमतेम ओल. "मना एक दिला, तुजा एक मागून घेतला. दोन डोले, दोन थेंब. दिसभर तू दुनियेच्या डोल्यान औषध घालतंस. तुज्या डोल्यान कोन घालनार?"

सगुणाने शिंपली घेतली, चुलीच्या राखेत उपडी केली आणि तिथेच जमिनीवर बसली. मग ती रडायला लागली. तीन वर्षं तिच्याबरोबर काम केलं, पण तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

वेणूबाई तिच्याजवळ वाकली आणि मासळीचा वास येणाऱ्या पदराने तिने सगुणाचे दोन्ही डोळे पुसले. आधी एक, मग त्याच टोकाने दुसरा.

सगुणाने पुसू दिले.