यादीतलं दुसरं नाव

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची यादी वाचताना आमचे पाळक कधी अडखळत नाहीत. त्या दिवशी अडखळले. "आपल्या सिस्टर," इतकं म्हणून त्यांनी चष्मा सारखा केला, कागद जवळ धरला आणि गप्प झाले. कागदावर पुढची जागा रिकामी होती. आमच्या मंडळीचा नियम असा, की आजाऱ्याच्या नावाशेजारी घरात त्याचं करणाऱ्याचंही नाव वाचायचं आणि प्रार्थना दोघांसाठी करायची. नियम सिस्टरनीच घालून दिलेला. आता त्यांचंच करणारं घरात कोणी नव्हतं. सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मीही बघितलं.

सिस्टर म्हणजे कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढे मी जे केलं ते वेड्यासारखं वाटेल.

बाई तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर पाळकांनी त्यांना मंडळीची नर्स म्हणून नेमलं. काम काय, तर उपासना संपली की मागच्या खोलीत टेबल टाकून बसायचं, लोकांचं ब्लडप्रेशर मोजायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं समजावून सांगायचं आणि ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांच्याकडे जायचं. इंजेक्शन नाही, सलाइन नाही. आम्ही त्यांना 'बिनसुईच्या सिस्टर' म्हणायचो, अर्थात पाठीमागे. मी शिंपी माणूस, सगळे मला मास्तर म्हणतात. ज्याच्या हातात सुई नाही त्याच्या कामावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

माझ्या घरी दादा होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, जन्मभर शाळेत गणित शिकवलेला, कडक. वहिनी गेली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत त्याला विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला याचा, मग जेवलो की नाही याचा, मग मी कोण याचा. माझं लग्न झालेलं नाही. साऱ्या गावाच्या लग्नाचे कोट शिवले, माझा तेवढा राहिला. त्यामुळे दादाचं करायला मीच. दुकानाला कुलूप लावलं, मशीन घरी आणलं. घरात दोन माणसं होती आणि बोलायला एकही नव्हतं. मी मशीनशी बोलायला लागलो होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटेनासं झालं होतं.

सिस्टरनी आमच्यासाठी पहिली गोष्ट केली ती साफ फसली. त्यांनी मंडळीतल्या सहा घरांना वार लावून दिले. रोज कोणीतरी यायचं. येणार म्हणून मी सकाळी फरशी पुसायचो, दादाला धुतलेला सदरा घालायचो, चहा टाकायचो. ते बसायचे, दादाला मोठ्याने विचारायचे, "ओळखलंत का मला?" दादा बावरायचा. मग त्याच्यासाठी प्रार्थना व्हायची, कपबश्या तशाच राहायच्या आणि माणसं मोठं पुण्य केल्यासारख्या चेहऱ्याने निघून जायची. दादा त्यानंतर तासभर येरझाऱ्या घालायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी सिस्टरना टेबलापाशी गाठलं. "दादाची सेवा मी करतो, तुमच्या माणसांचीही मीच करतो. माझ्यावर उपकार करा, कोणाला पाठवू नका."

मला वाटलं बाई रागावतील. त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "चुकलं माझं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी रोग्याकडे माणसं पाठवली. तुमच्याकडे पाठवायला हवी होती." पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना ठणकावलं, की कोणाच्या घरी जायचं तर आपला चहा थर्मासमधून न्यायचा, घरच्या माणसाला बाहेर पाठवायचं आणि परत येईपर्यंत निमूट बसायचं. तेव्हाच यादीत दुसरं नाव आलं. माझं नाव आजाऱ्यांच्या यादीत ऐकल्यावर मी भडकलो होतो. मला काय धाड भरली होती?

भरली होती. ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

मी एक कोट कच्च्या टाक्यांवर तयार करून खुर्चीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माप बघायला येणार होतं. मी स्वयंपाकघरात होतो तेवढ्यात दादाने एकेक टाका ओढून दोन्ही बाह्या सुट्या केल्या. शांतपणे, अगदी वह्या तपासल्यासारखं. मी त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, आवळलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" तरीही मी लगेच सोडलं नाही. हे मी आजवर पाळकांनाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. दादाचं ब्लडप्रेशर बघायला बाही वर केली तर मनगटावर माझी चार बोटं निळी उमटलेली. त्यांनी दादाची बाही हळूच खाली ओढली आणि पट्टा माझ्यापुढे धरला. "आधी तुमचा हात."

पारा किती चढला ते त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "मास्तर, हे पुन्हा झालं तर मी दादांना या घरातून हलवायला लावीन. कोणाचं ऐकणार नाही. आणि पुन्हा होऊ नये म्हणून दर गुरुवारी दोन तास मी इथे बसणार. तुम्ही बाहेर जायचं."

"कुठे जाऊ?"

"मला काय माहीत? तुमचे दोन तास आहेत."

पहिल्या गुरुवारी मी दुकानात गेलो, कारण दुसरं ठिकाणच सुचेना. आत धूळ होती, आणि माप घ्यायचा आरसा होता. आरशात एक म्हातारा उभा होता, सदऱ्याचं मधलं बटण तुटलेला. शिंप्याचं बटण तुटलेलं. मी स्टुलावर बसून रडून घेतलं, मग बटण लावलं आणि वेळेवर घरी आलो. सिस्टर दादाजवळ बसून त्याने सांगितलेले पाढे ऐकत होत्या. कुठे गेला होतात असं त्यांनी विचारलं नाही. थर्मास उचलला आणि गेल्या.

असे दोन वर्षं गुरुवार गेले. माझा हात पुन्हा उठला नाही. दादा एका मंगळवारी सकाळी गेला, झोपेतच, माझ्या घरात. त्या गुरुवारी दार वाजलं.

"सिस्टर, दादा गेला ना," मी म्हटलं. या बाईंनाही आता विसर पडायला लागला की काय, असंच मला वाटलं.

"म्हणूनच आले," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागेवर बसल्या.

पुढे वर्षभर येत होत्या. दोन तास बसायच्या. कधी बोलायचो, कधी मी शिवत राहायचो. मला वहिनीबद्दल विचारायच्या, दादाच्या शाळेबद्दल विचारायच्या. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, की तुमच्या घरी कोण आहे. संकोच वगैरे काही नव्हता. मला सुचलंच नाही. त्या थर्मास घेऊन येतात आणि थर्मास घेऊन जातात, एवढंच मला माहीत. कुठे जातात याचा विचारही कधी मनाला शिवला नाही.

मग त्या दुसऱ्या कोणाच्या तरी जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे इस्पितळात होत्या. मी एकदाच भेटायला गेलो, फळं घेऊन, दहा मिनिटं. "बरं वाटतंय का?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच पिशवी ठेवून निघालो. ज्या माणसांवर मी तीन आठवडे दात ओठ खाल्ले होते, अगदी त्यांच्यासारखा.

तर त्यांना घरी सोडलं, आणि त्या रविवारी पाळक गप्प, मंडळी गप्प. मी उभा राहिलो. उपासनेत मधेच कोणी उभं राहत नाही.

"माझं नाव लिहा," मी म्हटलं.

पाळक गोंधळले. "मास्तर, तुम्ही त्यांचे कोण लागता?"

"कोणी नाही. लिहा."

दुपारी थर्मास भरून त्यांच्याकडे गेलो. एका औषधाच्या दुकानामागे एकच खोली. खाट, खुर्ची, चालायचा वॉकर. खिडकीत एक कप पालथा घातलेला, एकच. माझ्या घरी दर गुरुवारी दोन तास बसून बाई इथे परत येत होत्या. मला आतून लाज वाटली.

मला बघून त्या उठायला लागल्या. "चहा टाकते."

"पडून राहा. मी आणलाय. नियम तुमचाच आहे."

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

त्या पुन्हा आडव्या झाल्या. मी खुर्ची ओढून बसलो. मग तीन वर्षं राहून गेलेलं विचारलं. "सिस्टर, तुमचं कोण आहे?"

त्या छताकडे बघत राहिल्या. "हे मी विचारते लोकांना," त्या म्हणाल्या.

"आज मी विचारतोय."

"कोणी नाही, मास्तर." ब्लडप्रेशरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि खांदे हलायला लागले. मी रुमाल काढला नाही, समजूत घातली नाही. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे नुसता बसून राहिलो. थर्मासमधला चहा पार निवून गेला.

दोन तासांनी मी उठलो. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गुरुवारी आलात तरी चालेल."

"गुरुवारला चार दिवस आहेत," मी म्हटलं. "उद्या येतो."